ॲम्प्लिफायर बदलावा काय?

ज्या घरात गाणे केवळ कामाच्या सोबतीला लावले जात नाही, तर दिवसाची कामे आटोपल्यावर, फोन बाजूस ठेवून, चित्त एकाग्र करून ऐकले जाते, त्या घरात केव्हा ना केव्हा ॲम्प्लिफायर बदलण्याचा विषय निघतोच. दहा-पंधरा वर्षे इमानाने चाललेले यंत्र कपाटात असते. एखादा जाणकार स्नेही येतो आणि स्पीकर उत्तम आहेत, परंतु त्यांचा खरा गुण या ॲम्प्लिफायरमुळे प्रकट होत नाही, असा अभिप्राय देऊन जातो. दुकानात ऐकलेल्या नव्या यंत्राचा नाद कानात घोळत राहतो. आणि मग घरच्या जमाखर्चातून लाख-दीड लाख रुपये या बाबीकडे वळवावेत किंवा कसे, याचा खल सुरू होतो. रक्कम लहान नाही, आणि ज्या सुखासाठी ती खर्च करावयाची ते सुखही क्षुल्लक नाही. म्हणून या मामल्याचा निकाल जाहिरातीवर किंवा स्नेह्याच्या शिफारशीवर न सोपविता पुराव्यानिशी व्हावा, अशी माझी तळमळ आहे. आणि पुरावा पाहू गेल्यास असे दिसते की, या प्रश्नाचे उत्तर ॲम्प्लिफायरपाशी फारच थोडे असते. त्याचा बराचसा भाग स्पीकरपाशी, खोलीपाशी आणि आपण किती मोठ्याने ऐकतो यापाशी सापडतो.

ॲम्प्लिफायरचे काम सांगावयास सोपे आहे. सीडी प्लेयरसारख्या साधनातून निघणारा संकेत सुमारे दोन व्होल्टांचा, आणि त्यामागील प्रवाह इतका क्षीण, की स्पीकरचा पडदा त्याने हलावयाचा नाही. घरातील वीज घेऊन तिच्या बळावर या संकेताची हुबेहूब परंतु सबळ अशी प्रतिकृती स्पीकरच्या तारांवर हजर करणे, एवढेच या यंत्राचे कर्तव्य. पंगतीतील वाढप्याने पदार्थ मुबलक आणि वेळेवर वाढावा, पण त्यात पदरचे मीठ घालू नये, तसा हा प्रकार आहे. हे काम निर्दोषपणे कसे साधावे याचा मुख्य उलगडा २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी, हडसन नदी ओलांडणाऱ्या एका फेरीबोटीत झाला. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील अभियंते हॅरल्ड ब्लॅक त्या बोटीतून कामावर चालले होते. यंत्रातून बाहेर पडलेल्या संकेताचा काही अंश उलटा करून पुन्हा प्रवेशद्वारी आणला, तर मूळ आणि प्रतिकृती यांतील तफावत आपोआप वजा होत जाईल, ही कल्पना त्यांस तेथे सुचली, आणि ती त्यांनी हातातील ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच टिपून ठेवली. वीस वर्षांनी, १९४७ साली, डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकात एका ॲम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला, आणि त्याबरहुकूम पुष्कळ हौशी लोकांनी घरोघर यंत्रे जुळविली. त्यातील विकृती शेकडा एक दशांशाहूनही कमी होती. याउलट आजचा उत्तम म्हणविणारा स्पीकरदेखील मंद्र सप्तकातील जोरकस स्वराला शेकडा एक-दोन इतकी विकृती सहज देतो. यंत्रमालिकेतील ज्या दुव्याचा मूळ प्रश्न पाऊणशे वर्षांपूर्वी बहुतांशी सुटला, त्यावरच पहिला संशय घेण्याची वहिवाट का पडली, याचे मला नेहमीच नवल वाटते.

तथापि ॲम्प्लिफायर खरोखरच अपुरा पडू शकतो, आणि तो अपुरा आहे की नाही हे कागदावर हिशेब मांडून बरेचसे ठरविता येते. कानाचा कारभार गुणोत्तराने चालतो. सामर्थ्य दुप्पट केले तर आवाजाची पातळी अवघी ३ डेसिबेलांनी चढते, आणि हा फरक जाणवण्यापुरताच असतो. आवाज दुप्पट मोठा झाला असे वाटण्यास सुमारे १० डेसिबेल, म्हणजे दसपट सामर्थ्य लागते. आता एक सामान्य घर घ्या. स्पीकरच्या माहितीपत्रकात त्याची संवेदनक्षमता ८६ डेसिबेल लिहिलेली आहे. याचा अर्थ असा की, त्यास १ वॅट दिला असता १ मीटर अंतरावर ८६ डेसिबेलांचा नाद मिळतो. श्रोता ३ मीटरवर बसतो. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतराने साडेनऊ डेसिबेल घटले असते, परंतु खोलीच्या भिंती काही अंश परत देतात, म्हणून घट सहाची धरू. आणि स्पीकर दोन असल्याने तीन पुन्हा मिळवू. म्हणजे प्रत्येक स्पीकरला १ वॅट दिला की श्रोत्याच्या कानाशी ८३ डेसिबेल पोहोचले. घरी लक्षपूर्वक ऐकताना सरासरी पातळी ७३ च्या आसपास ठेवली, तर तीस लागतो १ वॅटाचा केवळ दशांश.

परंतु संगीत सरासरीवर चालत नाही. विलंबित ख्यालात तंबोऱ्यांच्या अखंड झंकारावर गायकाचा आकार संथपणे विस्तारत असतो, आणि समेवर पडलेला तबल्याचा एखादाच आघात क्षणार्धात त्या सर्वांच्या कितीतरी वर उसळून जातो. कानास तो मोठा भासतही नाही, इतका तो अल्पजीवी असतो, परंतु ॲम्प्लिफायरला तो पुरवावाच लागतो. ही उसळी २० डेसिबेलांची धरली, आणि बहुतेक ध्वनिमुद्रणांस हा अंदाज पुरून उरतो, तर त्या क्षणी कानाशी ९३ डेसिबेल आणि यंत्राकडे १० वॅटांची मागणी. ज्या गृहस्थापाशी ४० वॅटांचे यंत्र आहे, त्याच्या पदरी अद्याप चौपट शिल्लक आहे; त्याने ते देऊन ८० वॅटांचे घेतले, तर ज्या शिलकीस तो कधी हात लावीत नव्हता तीत आणखी भर पडेल, इतकेच.

दुसरे घर याहून निराळे. स्पीकर ८२ डेसिबेलांचे, दिवाणखाना ऐसपैस, श्रोता ५ मीटरवर, आणि आवड पाश्चात्त्य वाद्यवृंदाची, तीही सरासरी ८३ डेसिबेल ठेवून ऐकण्याची. अंतराची घट नऊ, दुसऱ्या स्पीकरचे तीन जमा. म्हणजे १ वॅटाला कानाशी ७६. उसळीच्या क्षणी हवेत १०३. ही २७ डेसिबेलांची तफावत पाचशे पटींची आहे; म्हणजे ५०० वॅट. या घरातील ४० वॅटांचे यंत्र बदलले पाहिजे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही, मात्र असले स्पीकर या दिवाणखान्यास मुळात योग्य आहेत का, हा प्रश्नही त्याच वेळी रुजू करून घ्यावा.

यंत्र अपुरे पडते तेव्हा तरंगाचा माथा छाटला जातो, आणि अशा छाटलेल्या तरंगातून मूळ संगीतात नसलेले उच्च कंपनांचे स्वर उत्पन्न होतात. कानास तो कर्कशपणा वाटतो, आणि प्रकार फारच वाढला तर ट्वीटरची, म्हणजे उच्च स्वरांच्या छोट्या स्पीकरची, बारीक गुंडाळी जळते. म्हणून लहान यंत्र मर्यादेपलीकडे पिळणे हे मोठे यंत्र संयमाने वापरण्यापेक्षा स्पीकरला अधिक घातक. याची पारख घरीच होते. तार सप्तकातील तान किंवा तबल्याचा आघात मोठ्या आवाजात बोचतो आणि आवाज उतरविताच सुसह्य होतो, असे निरनिराळ्या ध्वनिमुद्रणांत वारंवार घडत असेल, तर सामर्थ्य कमी आहे असे समजण्यास जागा आहे. हळू आवाजातही तोच बोचरेपणा राहत असेल, तर त्याचे मूळ ध्वनिमुद्रणात, स्पीकरमध्ये किंवा खोलीत आहे, आणि नवा ॲम्प्लिफायर ते तितक्याच इमानाने ऐकवील.

वॅटांची ही ओढ कोठून आली, याचाही इतिहास आहे. पॉल क्लिप्श यांनी १९४६ च्या सुमारास बाजारात आणलेला खोलीच्या कोपऱ्यात बसणारा कर्ण्याचा अवाढव्य स्पीकर १ वॅटात १०० डेसिबेलांच्याही वर जाई. त्यास दहा-पंधरा वॅटांचे यंत्र म्हणजे चैन होती. पुढे १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी अमेरिकेतील केंब्रिज येथे हेन्री क्लॉस यांच्यासह ‘अकूस्टिक रिसर्च’ ही संस्था काढून एक लहानशी, सर्व बाजूंनी बंद अशी पेटी विक्रीस आणली, जीत कोंडलेली हवाच पडद्यास स्प्रिंगचे काम देई आणि इतक्याशा आकारातून खोल मंद्र स्वर निघे. निसर्गाने त्याची किंमत वसूल केली: संवेदनक्षमता पुष्कळच घटली, आणि सामर्थ्यवान ॲम्प्लिफायर ही गरज झाली. आज आपल्या घरात मावणारे बहुतेक स्पीकर त्या पेटीचेच वंशज आहेत. म्हणून स्पीकर न पाहता किती वॅट घ्यावेत याची शिफारस करणारा मनुष्य अंधारात बोलतो.

आकड्यांच्या सचोटीविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. वॅटांच्या अतिशयोक्त दाव्यांस आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ साली नियम करावा लागला, आणि सतत मिळणारे सामर्थ्य किती, किती ओहमांवर, कोणत्या कंपनमर्यादेत आणि किती विकृतीसह, हा तपशील देणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. आपल्याकडे १९९० च्या दशकात ‘पीएमपीओ’ या अक्षरांखाली हजार-हजार वॅटांचे दावे खोक्यांवर छापले जात, आणि कित्येकांनी त्यावर विश्वास ठेवून पैसे मोजले, याचे वाईट वाटते. यंत्राच्या पाठीवर ते विजेचे किती वॅट घेते हे लिहिलेले असते. जे ६० घेते ते १००० सतत देऊ शकत नाही, हे समजण्यास कोणाही तज्ज्ञाची गरज नाही.

वॅटांइतकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची बाब म्हणजे स्पीकरचा विद्युत्‌रोध. पत्रकात ८ ओहम लिहिलेले असले तरी तो आकडा नाममात्र असतो. स्वर बदलेल तसा रोध चढतो-उतरतो, आणि कित्येक स्पीकरांत तो काही स्वरांना ३ ओहमांवर येतो. रोध जितका कमी, तितका प्रवाह अधिक. १९८० च्या दशकातील अपोजी कंपनीचा ‘सिंटिला’ हा स्पीकर १ ओहमापर्यंत उतरे, आणि त्यापुढे नावाजलेली यंत्रेही हात टेकीत. आपले स्पीकर ४ ओहमांचे असतील आणि ॲम्प्लिफायरच्या पत्रकात ४ ओहमांचा आकडाच नसेल, किंवा मोठ्या आवाजात यंत्र तापून स्वतःच बंद होत असेल, तर बदलाची तजवीज करावी. ही निकड खरी आहे. चित्रपटांसाठी घेतलेले सात-सात वाहिन्यांचे रिसीव्हर एकाच वीजपुरवठ्यावर सर्वांचे पोषण करतात, म्हणून अशा घरी पुढच्या दोन स्पीकरांपुरता स्वतंत्र पॉवर ॲम्प्लिफायर जोडणे हा पुष्कळदा किफायतशीर उपाय ठरतो, मात्र रिसीव्हरच्या पाठीवर त्यासाठी प्री-आउटची, म्हणजे संकेत बाहेर नेण्याची, सोय असली पाहिजे.

आता मुख्य वादाकडे येतो. सामर्थ्य पुरेसे आहे, स्पीकर बिकट नाहीत, यंत्र नादुरुस्त नाही. तरीही अधिक किमतीच्या यंत्राने गाणे अधिक सुंदर वाजते काय? या वादात मला सर्वांत आदरणीय वाटते ती इंग्लंडमधील क्वाड कंपनीचे संस्थापक पीटर वॉकर यांची कृती. त्यांच्या कंपनीने तीन पिढ्यांचे तीन ॲम्प्लिफायर काढले होते: १९५३ चा १५ वॅटांचा, व्हॉल्व्हवर चालणारा क्वाड २, १९६७ चा ४५ वॅटांचा, ट्रान्झिस्टरचा ३०३, आणि १९७५ चा १०० वॅटांचा ४०५. कंपनीने जेम्स मॉयर या ध्वनितज्ज्ञांकडून या तिघांची परीक्षा करविली, आणि तिची हकीकत जुलै १९७८ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये प्रसिद्ध झाली. कोणते यंत्र वाजत आहे हे श्रोत्यांस न सांगता, सर्वांची पातळी काटेकोरपणे सारखी करून, कोणत्याही यंत्रावर त्याच्या कुवतीबाहेरचा भार न टाकता गाणे ऐकविले, तेव्हा श्रोत्यांची उत्तरे नाणे उडवून दिलेल्या उत्तरांहून सरस ठरली नाहीत. जो उत्पादक आपले नवे यंत्र विकावयास बसला आहे, त्यानेच त्या नव्या यंत्रात आणि आपल्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या यंत्रात कानास फरक कळत नाही हे जगापुढे येऊ द्यावे, ही सचोटी कोणत्याही व्यापारात विरळा. पुढे जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेच्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने साध्या रिसीव्हरपासून अतिशय महागड्या व्हॉल्व्ह यंत्रांपर्यंत काही ॲम्प्लिफायरांची अशीच परीक्षा प्रसिद्ध केली. निष्कर्ष तोच निघाला.

विरुद्ध पक्षाची कैफियतही ऐकली पाहिजे, कारण फरक ऐकू येतो असे म्हणणारे सर्वच भ्रमात नसतात. पुष्कळ व्हॉल्व्ह यंत्रांचा स्वतःचा अंतर्गत रोध मोठा असतो, त्यामुळे स्पीकरचा रोध जेथे चढतो तेथील स्वर किंचित उठून आणि जेथे उतरतो तेथील किंचित दबून वाजतात. कंठस्वराला त्याने एक प्रकारचा स्निग्धपणा येऊ शकतो, आणि तो कोणास आवडला तर त्या आवडीस नावे ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही. मात्र हा गुण गूढ नाही. १९८५ साली बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांचे आव्हान स्वीकारून, न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे हॉटेलच्या खोलीत बसून, दोन दिवसांच्या खटपटीत आपला स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर असा फेरफारला की त्याचा ध्वनी संपादकांच्या महागड्या व्हॉल्व्ह यंत्राहून वेगळा ओळखणे त्यांस शक्य झाले नाही. दोन्ही यंत्रांचे संकेत एकमेकांतून वजा करून जे उरे ते कमी करीत जाणे, एवढीच कार्व्हर यांची रीत होती. ३००बी या जुन्या व्हॉल्व्हच्या आठ वॅटांवर शंभर डेसिबेलांचे कर्ण्याचे स्पीकर लावून गाणे ऐकणाऱ्या रसिकांविषयी मला मनापासून आदर आहे. तेच आठ वॅट ८४ डेसिबेलांच्या पेटीस जुंपणाऱ्याविषयी मात्र काळजी वाटते.

दुकानातील अनुभव इतका खात्रीचा का वाटतो, याचा खुलासा साधा आहे. दोन यंत्रांपैकी एक अर्ध्या-एक डेसिबेलाने मोठे वाजत असेल, तर कान त्यास ‘मोठे’ म्हणत नाही. तो त्यास ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक मोकळे’ म्हणतो. म्हणून तुलना करावयाची तर नवे यंत्र परतीच्या अटीवर घरी आणावे, ४०० कंपनांचा अखंड स्वर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर धरावा आणि दोन्ही यंत्रांवर व्होल्टांचा आकडा शेकडा एकच्या आत सारखा करावा. नंतर घरातील कोणीतरी आपल्या पाठीमागे तारा बदलाव्यात, प्रत्येक वेळी यंत्र बंद करून, आणि आपण उत्तरे वहीत लिहावीत. कष्टाचे काम आहे. पण दीड लाखांचा फैसला त्यावर अवलंबून असेल तर एक सुट्टीचा दिवस त्यास देण्यास हरकत नसावी.

हेच पैसे खोलीवर खर्च करणे पुष्कळांस कमीपणाचे वाटते, आणि तेथेच खरा लाभ दडलेला असतो. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या उशा रात्री तेथे वाहून आणल्या, त्या मांडून त्या घुमण्याची मोजदाद केली आणि पहाटेपूर्वी त्या जागच्या जागी पोचत्या केल्या. आपली आजची घरे, चकचकीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेची दारे यांमुळे, त्या व्याख्यानगृहाची लहान भावंडे आहेत. स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड गालिचा, एका भिंतीस पुस्तकांचे कपाट, खिडकीस वजनदार पडदा आणि स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे, एवढ्याने शब्दांची अक्षरे सुटी होतात आणि डग्ग्याची घुमक मोजकी होते. हा फरक दाराबाहेर उभ्या असलेल्या मनुष्यासही कळतो.

राहता राहिला वार्धक्याचा प्रश्न. यंत्राच्या वीजपुरवठ्यातील कंडेन्सर कालांतराने सुकतात. उष्णता १० अंशांनी वाढली की त्यांचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून काचेच्या शोकेसमध्ये कोंडलेला आणि वर विणलेला रुमाल पांघरलेला ॲम्प्लिफायर लवकर म्हातारा होतो. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत रिले आणि जोडण्या गंजून एक बाजू अधूनमधून गप्प होते. आवाजाचे बटण फिरविताना खरखर येणे हा तर साफसफाईचा विषय. घरघर ऐकू येत असेल तर प्रथम सर्व साधनांच्या तारा काढून पाहाव्यात: घरघर थांबली तर दोष केबल किंवा सेट-टॉप बॉक्समार्फत येणाऱ्या अर्थिंगचा आहे आणि नवे यंत्र तो बरा करणार नाही, थांबली नाही तर कंडेन्सर पाहावेत. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये, त्यात जिवाचा धोका आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतात, आणि हाताखालून शेकडो यंत्रे गेलेला एखादा कारागीर अजूनही शोधल्यास सापडतो. कंडेन्सर आणि रिले बदलण्याचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीचा अल्पसा भाग असतो. परंतु त्याने यंत्र उघडून, आतले आउटपुट ट्रान्झिस्टर आता तयार होत नाहीत आणि बाजारात त्या नावाने मिळतात ते नकली, असे सांगितले, तर जुन्याचा मोह सोडावा. आपल्या स्पीकरचे डेसिबेल, ओहम आणि बैठकीचे अंतर एका कागदावर लिहून घ्यावे, आणि तो कागद खिशात घालून दुकानाची पायरी चढावी.